तरंगणारी जीप आणि देवराष्ट्रे गावची गाडी

मंडळी, आज विषय जरा आडवाटेचा आहे. जमिनीवर चालणारी आणि पाण्यातही चालणारी लष्करी गाडी! ज्या कडेगावात उन्हाळा म्हटलं की आधी टँकर आठवायचा, ताकारीचं आणि टेंभूचं पाणी येईपर्यंत ज्या भागातली कितीतरी पोरं पोहायलाच शिकली नाहीत, तिथल्या निवृत्त मास्तराने पोहणाऱ्या गाडीवर लिहावं म्हणजे गंमतच. पण त्याला एक निमित्त झालं.

माझा एक पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याच्या शेजारच्या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धातली अशी एक गाडी कुठून तरी मिळवून घरच्या गॅरेजात आणून ठेवली आहे. गेली काही वर्षं त्यांचे सगळे शनिवार-रविवार तिच्याखाली झोपून जातात. पुतण्याने फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "काका, एवढ्या पैशांत नवी गाडी आली असती. या गंजक्या पत्र्यात माणूस एवढा जीव का ओततो?"

फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण मास्तराची खोड जात नाही. म्हणून हे सविस्तर.

ती गाडी म्हणजे फोर्ड जीपीए. आपल्या ओळखीच्या जीपचीच बहीण. १९४० च्या उन्हाळ्यात हिटलरने फ्रान्स घेतला आणि अमेरिकेच्या लष्कराला जाग आली. हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती, आणि नमुना करायला मुदत दिली ४९ दिवसांची. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. बँटम नावाच्या एका डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना लष्करासमोर उभा केला. पुढे मोठ्या ऑर्डरी मात्र गेल्या विलीज आणि फोर्डकडे! युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. विलीजचा कारखाना टोलेडोला, म्हणजे पुतण्याच्या ओहायोतच. त्याला हे ठाऊक नव्हतं. असो.

जीप जमली तशी लष्कराला वाटलं, हीच गाडी नदीही ओलांडून गेली तर? शर्यतीच्या शिडांच्या होड्यांचे आराखडे करणाऱ्या स्पार्कमन अँड स्टीफन्स कंपनीच्या रॉड स्टीफन्स यांच्याकडून होडीचा आकार घेतला, त्यात फोर्डने जीपचं इंजिन, गिअर, चाकं सगळं बसवलं. पाठीमागे पंखा, सुकाणू, तळात साचलेलं पाणी उपसायला पंप, पुढे दोर गुंडाळून गाडी ओढायची फिरकी. कागदावर सगळं छान. पण पुन्हा घाई. वजन ठरलं होतं बाराशे किलोंच्या आसपास, प्रत्यक्षात ते सोळाशेच्या पुढे गेलं, आणि होडीचं पोट काही त्या प्रमाणात वाढवलं नाही. भरलेल्या ताटात आमटी काठोकाठ यावी तशी ती गाडी पाण्यात बसायची. शांत नदीत ठीक, पण समुद्राची जरा लाट आली की पाणी आत. बरं, जमिनीवर तरी हलकी? तर तेही नाही, कारण अंगावर होडी. १९४२ मध्ये सुरू झालेलं उत्पादन १९४३ मध्ये बंद पडलं. तेवढ्यात बारा हजारांवर गाड्या निघाल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच रशियाला गेल्या. नद्या ओलांडणाऱ्या रशियन सैन्याला त्या पसंत पडल्या आणि युद्धानंतर त्यांनी तिच्यावरून आपली गाझ-४६ ही गाडीही बनवली. अमेरिकनांनी मात्र तिला नापास केलं. तिचा थोरला भाऊ 'डक' म्हणून ओळखला गेलेला सहाचाकी ट्रक. तो यशस्वी झाला, एकवीस हजारांवर निघाला, सिसिलीत आणि नॉर्मंडीत जहाजांवरून किनाऱ्यावर माल वाहिला. दोघांच्या आखणीत स्टीफन्स यांचा हात होता. एकाच हाताची दोन लेकरं, एक पहिलं आलं, एक नापास. शिक्षकाला याचं नवल वाटत नाही.

आता पुतण्याच्या फोटोंकडे येतो. एका फोटोत ती गाडी उलटी करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आहे, तळाचा पत्रा दिसतो. मला वाटायचं, पाण्यातली गाडी बाहेरून गंजत असेल. तसं नाही. ती आतून गंजते. फळ्यांखाली, कोपऱ्यांत, पट्ट्यांच्या आड पाणी बसून राहतं आणि वर्षानुवर्षं पत्रा खातं. बाहेरून रंग शाबूत, टिचकी मारली की बोट आत! मग तेवढा भाग कापायचा, त्याच जाडीचा पत्रा वळवून आणायचा, आधी टाके मारायचे, मग सलग जोडायचं. एकदम जोडत गेलं तर उष्णतेने पत्रा वाकडा होतो, हे आमच्याकडचा कुठलाही वेल्डिंगवाला सांगेल. त्याहून चिकट काम इंजिनाची ताकद होडीच्या पोटातून बाहेर चाकांकडे आणि पंख्याकडे जाते तिथलं. फिरणारा दांडा आणि स्थिर पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरता कामा नये. तिथलं रबर ऐंशी वर्षांत दगड झालेलं असतं. नवं सहजासहजी मिळत नाही. साचा करून ओतून घ्यावं लागतं. शेजाऱ्यांनी म्हणे गळती शोधायला गाडीतच पाणी भरलं आणि खाली वाकून खडूने खुणा केल्या. होडी पाण्यात घालण्याऐवजी पाणी होडीत घातलं! ही युक्ती मला फार आवडली. आमच्याकडे नवी घागर घेताना बायका हेच करतात.

पण "का?" या पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ते आहे एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या गोष्टीत, आणि ती गोष्ट सुरू होते आपल्या देशात.

बेन कार्लिन हे हिंदुस्थानी सैन्याच्या इंजिनिअर दलात मेजर होते. १९४६ साली बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर युद्धातलं उरलेलं सामान पडलं होतं, त्यात त्यांना एक जीपीए दिसली. सोबतच्या अधिकाऱ्याला ते सहज बोलले की, थोडी दुरुस्ती केली तर हिच्यातून जगाची फेरी मारता येईल. सोबत्याने वेड्यात काढलं. पण कार्लिन यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. ते अमेरिकेला गेले, जानेवारी १९४७ मध्ये लष्कराच्या लिलावात ९०१ डॉलरला एक जीपीए घेतली आणि स्वतः कामाला लागले. जी गाडी लष्कराने शांत नदीपुरतीच लायक ठरवली, तिच्यातून अटलांटिक महासागर ओलांडायचा!

त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. उघड्या गाडीवर बंद खोली चढवली, म्हणजे वरून पाणी आत यायला नको. पुढे लांब नाक जोडून त्यात पेट्रोलची टाकी केली. पोटाखाली टाकी, शिवाय मागे दोराने ओढत न्यायची आणखी एक टाकी. मोठ्या कंपनीने घाईत जे सोडून दिलं होतं, ते या एकट्या माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन पुरं करायला घेतलं. गाडीचं नाव ठेवलं 'हाफ-सेफ', म्हणजे अर्धीच सुरक्षित. हे नाव त्यांनी अंगाच्या घामावरच्या एका औषधाच्या जाहिरातीतून उचललं होतं. सोबत पत्नी एलिनॉर. त्यांची ओळखही युद्धात हिंदुस्थानातच झाली होती.

१९४८ मध्ये अनेक प्रयत्न फसले. कधी इंजिनाचा धूर आत कोंडला, कधी यंत्र मोडून दोघं समुद्रात नुसतीच वाहत राहिली आणि जहाजाने उचलून आणली. दर वेळी परत येऊन पुन्हा पाने आणि हातोडा. शेवटी १९ जुलै १९५० ला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघून ते महिनाभराने अझोर्स बेटांवर पोचले. बैलगाडीएवढ्या जागेत दोन माणसं, पेट्रोलचा वास, आणि एलिनॉर यांना समुद्र लागायचा. पुढे मदेराच्या वाटेवर वादळात सापडले, १९५१ मध्ये आफ्रिकेचा किनारा गाठला, मग युरोप, मग इंग्लंड. बर्मिंगहॅममध्ये गाडीची पुन्हा मोठी दुरुस्ती. १९५५ मध्ये तिथून निघून तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत भारतात, कलकत्त्यापर्यंत. ज्या बंगालमध्ये ती कल्पना सुचली तिथे नऊ वर्षांनी ती स्वतःच्या चाकांवर आली. इथवर आल्यावर एलिनॉर यांनी प्रवास सोडला आणि पुढे दोघं वेगळी झाली. वाचणारे कार्लिन यांचं कौतुक करतात, मीही करतो. पण पाच वर्षं त्या पत्र्याच्या डब्यात उलट्या काढत बसलेल्या बाईंचं नाव लोक जेमतेम घेतात, ते मला बरं वाटत नाही.

कार्लिन मात्र थांबले नाहीत. ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम, तैवान, जपान, अलास्का. मे १९५८ मध्ये ते माँट्रियलला पोचले आणि फेरी पुरी झाली. सुमारे सतरा हजार किलोमीटर पाण्यातून आणि बासष्ट हजार जमिनीवरून. दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीतून जगाची अशी फेरी त्यांच्याखेरीज कुणीही केलेली नाही. १९८१ मध्ये कार्लिन वारले. ती गाडी आज पर्थ शहरातल्या त्यांच्या जुन्या शाळेत, गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये ठेवलेली आहे. शाळेत! भूगोल शिकवताना पोरांना बाहेर नेऊन "ही बघा" म्हणता येत असेल. मी आयुष्यभर नकाशाच्या गुंडाळीवर भागवलं.

आता इकडे येऊ. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या जीपा आपल्याकडे 'डिस्पोजल'च्या मालात विकल्या गेल्या, आणि ज्यांना मोटार परवडत नव्हती त्यांनी त्या घेतल्या. मुंबईत १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये पाटी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. याच कंपनीने माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. माझ्या पिढीला जीप आठवते ती बीडीओ साहेबांची. गावात धुरळा उडाला की आम्ही पोरं मागे पळायचो. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या तेव्हापासून तर जीप म्हणजेच सरकार.

त्या पंचायत राज्याचे कर्ते यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ ला आजोळी, आमच्याच कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी. चीनच्या युद्धानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले, १९६४ मध्ये रशियाला गेले, आणि त्या काळात भारताने रशियाकडून जी खरेदी केली तिच्यात पीटी-७६ हा पोहणारा रणगाडा होता. चौदा टनांचा, आत तीन माणसं, पाण्याचा झोत मागे फेकून तरंगत जाणारा. बांगलादेशाच्या युद्धात, २१ नोव्हेंबर १९७१ ला गरीबपूरच्या लढाईत, ४५ कॅव्हलरीच्या या हलक्या रणगाड्यांनी आणि १४ पंजाबच्या जवानांनी पाकिस्तानच्या अमेरिकन बनावटीच्या चॅफी रणगाड्यांचा धुव्वा उडवला. आपल्या जवानांनी त्याला नाव दिलं होतं 'पिप्पा', म्हणजे तुपाचा रिकामा डबा. आपल्या 'पिंपा'च्याच घरातला शब्द वाटतो. रिकामा डबा तरंगतो म्हणून. मात्र पुढे डिसेंबरात मेघना नदीचं अफाट पात्र ओलांडताना अर्ध्या तासात त्यांची इंजिनं तापायला लागली, तेव्हा स्थानिक होड्या लावून ते ओढून न्यावे लागले अशी नोंद आहे. रशियाचा रणगाडा आणि ओढणारी बंगाली नावाड्याची होडी!

हे वाचलं तेव्हा मला आपली काहील आठवली. परदेशातल्या मुलांसाठी सांगतो, काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी पत्र्याची भलीमोठी पसरट कढई. कृष्णा-वारणेच्या काठी पूर आला की हीच काहील पाण्यात सोडतात आणि तिच्यात बसून म्हातारीकोतारी, पोरं, शेरडं बाहेर काढतात. वल्हवायला एक फळी किंवा पोहणारे दोघे-तिघे कडेला धरून. २००५ च्या पुरात झालं, २०१९ मध्येही झालं, जेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, शेजारच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हा पाण्यावरच्या वाहनात किती माणसं बसवायची, वजन किती, काठ किती वर राहिला पाहिजे, हा काही अमेरिकन लष्कराचा जुना हिशेब नाही. तो आमच्या दारातला आहे. काहील बनवणारा लोहार त्याच गावात राहतो. रिवेट ढिला राहिला तर रस गळेल हे तर झालंच, पण पुरात त्याची आई त्याच काहिलीत बसणार असते.

इथेच मला पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. फोर्डच्या कारखान्यात ज्यांनी वजन चारशे किलोंनी वाढू दिलं, त्यांना त्या गाडीत बसून सिसिलीच्या लाटांत उतरायचं नव्हतं. कार्लिन यांना उतरायचं होतं. म्हणून ते प्रत्येक सांधा पुन्हा पुन्हा बघत होते. पुतण्याचे शेजारी उद्या आपल्या नातवंडांना घेऊन तळ्यात उतरणार असतील, म्हणून ते खडूच्या खुणा करत बसलेत.

आणि याचं आमच्या तालुक्यातलं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. हो, यशवंतरावांचंच देवराष्ट्रे. शाळा फार शिकलेले नाहीत, लोहारकाम हाच धंदा. मुलाने चारचाकीचा हट्ट धरला, नवी घ्यायची ऐपत नाही. मग त्यांनी जुन्या, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग गोळा करून घरच्या शेडमध्ये जीपच्या तोंडावळ्याची एक छोटी गाडी तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास. सुकाणू डाव्या हाताला, महायुद्धातल्या मूळ जीपसारखं. आणि सुरू कशी करायची? मोटारसायकलसारखी किक मारून! ही गाडी पाण्यावर तरंगत नाही, हे मान्य. पण जात तीच.

डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आला. ज्यांच्या आजोबांच्या कंपनीने या देशात जीप आणली त्यांनीच ते तोंड ओळखावं हा योग छान. त्यांनी जाहीर कौतुक केलं, पण हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून बदल्यात आपण नवी बोलेरो देतो, आणि ही गाडी कंपनीच्या चेन्नईजवळच्या संशोधन केंद्रात ठेवू. लोहार कुटुंबाने लगेच हो म्हटलं नाही. पहिली गाडी म्हणजे घरची लक्ष्मी, ती द्यायची कशी, हवी तर दुसरी करून देतो, अशा अर्थाचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये सांगलीत त्यांनी बोलेरो स्वीकारली.

त्या वेळी इकडे पारावर दोन तट पडले होते. एक म्हणे, साठ हजारांच्या गाडीला दहा लाखांची गाडी मिळते आहे, विचार कसला करायचा? दुसरा म्हणे, देऊ नये, गावाची शान आहे. मी कुठल्याच तटात नव्हतो. नियम हवेतच. ब्रेकची परीक्षा न झालेली गाडी कराड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून चालवावी असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्या माणसाने घेतलेला तो महिनाभराचा वेळ मला मोलाचा वाटतो. फायद्याचा सौदा समोर असताना तो थांबला, कारण त्या गाडीचा कुठला पत्रा कुठून आणला हे त्याला एकट्याला माहीत होतं. बोलेरोचं तसं काहीच त्याला माहीत असणार नव्हतं. बिघडली की शोरूमला न्यायची.

गाडी त्या केंद्रात गेली म्हणजे तरुण इंजिनिअरांना ती बघायला मिळेल, हे चांगलंच. माझी एवढीच इच्छा आहे की तिच्याशेजारी पाटी लावताना नुसतं नाव न लिहिता कुठला भाग कशाचा आणि कसा जोडला ते त्या माणसाच्याच तोंडून विचारून लिहून घ्यावं. विलीज, फोर्ड, प्रोब्स्ट, स्टीफन्स यांचे आराखडे जपलेले आहेत. म्हणून तर ओहायोतला एक निवृत्त गृहस्थ ऐंशी वर्षांनी तोच पत्रा त्याच मापाचा कापू शकतो. आमच्या लोहाराचा आराखडा कागदावर नसतो, हातात असतो. आणि काहील कुणी बनवली हे तर तिच्यावर कुठेच कोरलेलं नसतं.

पुतण्याला हे सगळं पाठवतोच आहे. शेजाऱ्यांना इंग्रजीत समजावून सांग म्हणावं, आणि गाडी पहिल्यांदा तळ्यात उतरेल तो फोटो मला हवा आहे. इकडे आपल्या नात्यागोत्यात, कुंडल, वांगी, विटा, कराड कुठेही, कुणाच्या वाड्यात डिस्पोजलच्या जीपचे जुने कागद, फोटो, निदान नंबरची पाटी असेल, किंवा पुरात वापरलेली काहील कुणी बनवली त्या लोहाराचं नाव कुणाला आठवत असेल, तर मला जरूर कळवा. वहीत लिहून ठेवतो.